लेगो विटांच्या स्वरचित रचना : कर्तेपण, देवाणघेवाण आणि बाजारपेठ

सारांश
लेगो या डॅनिश खेळण्याच्या विटांपासून स्वतंत्र रचना करणे आणि त्या इतरांना उपलब्ध करून देणे हा जगभरातील प्रौढांचा एक स्थिर छंद झाला आहे. या रचनांकडे कुतूहलाने पाहिले जाते. परंतु कलाकृती म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात अशा रचनेचे माध्यम, तिचे सौंदर्यनिकष, तिच्या कर्तेपणाचे स्वरूप आणि बाजारपेठेशी असलेले तिचे नाते यांचा विचार केला आहे. रचनेचे खरे प्रकाशन तिच्या जुळणी-आराखड्याच्या वाटपातून होते, आणि म्हणून वाटप हा या कलाप्रकाराचाच घटक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : लेगो, स्वरचित रचना, कर्तेपण, आराखडा, छंद, बाजारपेठ.

प्रस्तावना

मराठीत ‘खेळणे’ हा शब्द क्रियापद आहे आणि नामही आहे. जी वस्तू हाती येते ती खेळणे, आणि तिच्यासह जी कृती होते तीही खेळणेच. बहुतेक खेळण्यांच्या बाबतीत या दोन अर्थांमध्ये अंतर पडते. कारखान्यातून आलेली मोटार अथवा बाहुली ही पूर्ण झालेली वस्तू असते. मुलाने तिचा उपयोग करावयाचा असतो. रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात फ्रेंच खेळण्यांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. अशी खेळणी मुलाला निर्माता न बनवता मालक बनवतात, असे त्यांचे म्हणणे होते. या आरोपातून त्यांनी साध्या ठोकळ्यांना मात्र वगळले. ठोकळ्यांचा अर्थ आधी ठरलेला नसतो. तो रचणाऱ्याला निर्माण करावा लागतो.

लेगोची वीट ही अशा ठोकळ्यांच्या कुळातील आहे. तरीही तिची विक्री मुख्यतः ठरावीक वस्तूंच्या संचांतून होते. पेटीवर चित्र असते, आत सूचना-पुस्तिका असते आणि पुस्तिकेप्रमाणे जोडत गेल्यास चित्रातील वस्तू तयार होते. या मार्गाने जाणारा खेळगडी आज्ञाधारक असतो. याउलट, पुस्तिका बाजूला ठेवून आपल्या कल्पनेतील वस्तू रचणारा आणि ती इतरांपुढे ठेवणारा एक मोठा वर्ग गेल्या काही दशकांत निर्माण झाला. ‘माय ओन क्रिएशन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून अशा रचनेला ‘मॉक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘स्वरचित रचना’ ही संज्ञा वापरली आहे.

या छंदाविषयी दोन टोकाची मते आढळतात. एका मताप्रमाणे ते प्रौढांचे पोरखेळ होत. दुसऱ्या मताप्रमाणे ती निखळ सर्जनशीलता होय. दोन्ही मते चिकित्सा टाळतात. पहिले मत रचनेकडे पाहतच नाही आणि दुसरे मत सर्वच रचनांना सारखेच गौरवते. एखादी रचना चांगली का, आणि ती कोणाची, हे दोन प्रश्न दोन्ही मतांत अनुत्तरित राहतात. त्यांचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

माध्यमाचे स्वरूप : वीट आणि तिचे व्याकरण

कोणत्याही कलाप्रकाराची चर्चा माध्यमापासून सुरू व्हावी हे उचित होय. डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत प्रारंभी लाकडी वस्तू तयार होत. प्लास्टिकची जोडवीट तेथे १९४९ मध्ये आली, आणि तीही सर्वस्वी स्वतंत्र नव्हती. ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज यांनी किडीक्राफ्ट या नावाखाली काढलेल्या विटांच्या नमुन्यावर ती आधारलेली होती. स्वतंत्र निर्मितीचे प्रतीक मानली जाणारी वस्तू स्वतः दुसऱ्याच्या कल्पनेवर उभी आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

वीट आजच्या रूपाला पोहोचली ती २८ जानेवारी १९५८ रोजी. त्या दिवशी ओले कर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी वरच्या उंचवट्यांना खालच्या पोकळ नळ्यांची पकड देणाऱ्या जोडणीच्या एकस्वासाठी कोपनहेगन येथे अर्ज केला. त्याआधीच्या विटा खालून पोकळ होत्या आणि रचना सहज सुटत असे. नळ्यांमुळे पकड घट्ट झाली आणि विटा एकमेकींवर सरकवून अनेक स्थितींत बसविता येऊ लागल्या. १९५८ मधील वीट आजच्या विटेवर बसते. माध्यमातील हे सातत्य म्हणजे भाषेतील स्थिर व्याकरणासारखे आहे.

या व्याकरणाची मापे ठरलेली आहेत. दोन उंचवट्यांच्या केंद्रांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. उंचवटा वगळता विटेची उंची ९.६ मिलिमीटर असते आणि चपट्या पट्टीची उंची तिच्या एकतृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. या आकड्यांत एक उपयुक्त मेळ दडलेला आहे. एकावर एक ठेवलेल्या पाच पट्ट्यांची उंची १६ मिलिमीटर होते आणि दोन उंचवट्यांची रुंदीही तेवढीच असते. त्यामुळे रचनेचा एखादा भाग आडवा वळवून बसविला तरी तो उरलेल्या भागाशी बरोबर जुळतो. उंचवटे वर न ठेवता बाजूला किंवा खाली वळविण्याच्या या पद्धतीवर छंदातील प्रगत रचनांचा मोठा भाग उभा आहे.

शक्यतांचे गणितही बोलके आहे. दोन गुणिले चार उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात आणि तीन विटा १,०६० प्रकारे. सहा विटांसाठी कंपनीकडून पूर्वी १०,२९,८१,५०० हा आकडा सांगितला जाई. परंतु त्यात केवळ सहा थरांच्या मनोऱ्यांची गणना होती. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी सर्व रचना मोजल्या तेव्हा ती संख्या ९१,५१,०३,७६५ भरली. हा आकडा सर्जनशीलतेचा पुरावा म्हणून वारंवार दिला जातो. मात्र तो पुरावा ठरत नाही. वर्णमालेतून होऊ शकणाऱ्या अक्षरजुळण्यांची संख्या प्रचंड आहे म्हणून प्रत्येक जुळणी कविता होत नाही. शक्यतांची विपुलता माध्यमाची असते. त्यांतून केलेली निवड रचनाकाराची असते, आणि समीक्षेचा विषय ही निवड आहे.

सौंदर्यनिकष : साम्य, काटकसर आणि अर्थांतर

स्वरचित रचनांचे कौतुक सामान्यतः दोन गोष्टींसाठी होते : आकार आणि साम्य. रचनेत किती विटा लागल्या आणि ती मूळ वस्तूसारखी किती दिसते, हे प्रेक्षक प्रथम विचारतो. हे दोन्ही निकष अपुरे आहेत. विटांची संख्या ही वेळ आणि पैसा यांची मोजणी होय. साम्याविषयी बोलावयाचे तर, पुरेशा लहान विटा आणि पुरेसा मोठा आकार घेतल्यास कोणतीही वस्तू हुबेहूब उभी करता येते; तेथे वीट केवळ ठिपका बनते. ज्या रचनेत वीट विटेसारखी दिसणेच थांबते, तिने माध्यमावर मात केली असे म्हणण्यापेक्षा माध्यम गमावले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

छंदातील जाणकार वेगळे निकष मानतात. त्यांपैकी पहिला काटकसरीचा. मूठभर भागांतून जहाजाची किंवा मंदिराची ओळख पटविणारी सूक्ष्म रचना हजारो विटांच्या मनोऱ्यापेक्षा कसबी मानली जाते, कारण तिच्यात प्रत्येक भागाला काम असते. दुसरा निकष भागाच्या अर्थांतराचा. ज्या हेतूने एखादा भाग तयार झाला त्याहून वेगळ्या हेतूने तो वापरणे ही येथील लक्षणा आहे. लेगो कंपनीच्या २०२१ मधील बोन्साय वृक्षाच्या संचात फुलांचा बहर गुलाबी रंगाच्या १०० छोट्या बेडकांनी साधला आहे. संच अधिकृत असला तरी त्यामागील युक्ती हौशी रचनाकारांत आधीपासून रुळलेली होती. पाहणाऱ्याला प्रथम फुले दिसतात आणि मग बेडूक दिसतात. दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे राहतात, हेच या युक्तीचे मर्म होय.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात अभियंता आणि हाती येईल त्यातून काम साधणारा कारागीर असा भेद केला होता. अभियंता प्रकल्पाला लागेल ते साधन घडवितो, तर कारागीर जवळच्या मर्यादित आणि पूर्वी कशाकशासाठी वापरलेल्या वस्तूंशी संवाद करीत पुढे जातो. बेडकाचे फूल करणारा रचनाकार या दुसऱ्या प्रकारात मोडतो. मात्र येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. लेव्ही-स्त्रोस यांच्या कारागिराकडील वस्तू परस्परांशी विसंगत असतात, तर लेगोचे सर्व भाग एकाच मापप्रणालीत बसतात. त्यामुळे लेगोचा रचनाकार अर्धा कारागीर आणि अर्धा अभियंता असतो. त्याची कल्पकता एका उद्योगाने आखून दिलेल्या अंगणात वावरते. या अंगणाच्या कुंपणाचा प्रश्न पुढे येईल.

तिसरा निकष सचोटीचा. उंचवट्यांवर अयोग्य ताण देणाऱ्या जोडण्या कंपनीचे रचनाकार निषिद्ध मानतात. जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा जोडण्यांचे पद्धतशीर विवरण केले. बेरार्ड स्वतः आधी हौशी रचनाकार होते आणि पुढे कंपनीत गेले. कोपऱ्यावरील कॅफेची २००७ मधील प्रसिद्ध इमारत त्यांची होय. हौशी मंडळींवर हे निर्बंध बंधनकारक नाहीत. तरीही विटा न कापता, न चिकटविता आणि न रंगविता रचना करण्याचा दंडक बहुतेक जण स्वेच्छेने पाळतात. छंदोबद्ध रचनेत कवी मात्रा मोजतो तसाच हा नियम आहे. नियम मोडता येतो म्हणूनच तो पाळण्याला मूल्य प्राप्त होते.

कृती कोठे असते?

शिल्पकाराची मूर्ती म्हणजे एक विशिष्ट वस्तू. तिची नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती नक्कलच राहते. संगीताचे तसे नाही. शुद्ध रीतीने सादर झालेली रचना दुसऱ्याने सादर केली तरी ती तीच रचना असते. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मधील ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांचा हा भेद मांडला आणि त्याचा संबंध लेखनपद्धतीशी, म्हणजे स्वरलिपीसारख्या संकेतव्यवस्थेशी जोडला.

लेगोची स्वरचित रचना बाह्यतः शिल्पासारखी दिसते. परंतु गुडमन यांची कसोटी लावल्यास ती संगीताच्या बाजूला जाते. प्रत्येक भागाला निश्चित आकार आणि रंग आहे, प्रत्येक जोडणीला निश्चित स्थान आहे आणि दोन सारखे भाग परस्परांच्या जागी ठेवता येतात. त्यामुळे रचनेचा संपूर्ण आराखडा लिहिता येतो, आणि त्या आराखड्याप्रमाणे पुणे, कोपनहेगन किंवा टोकियो येथे उभी केलेली रचना अस्सलच असते. रचनाकाराने आपल्या हातांनी जोडलेल्या नमुन्याला भावनिक मूल्य असेल. कलात्मक दृष्टीने त्याला विशेष अधिकार नाही.

या निष्कर्षाला छंदातील एक नित्याचा व्यवहार पुष्टी देतो. बहुतेक स्वरचित रचना मोडल्या जातात. विटा महाग असतात, जागा अपुरी असते आणि पुढील रचनेला तेच भाग हवे असतात. मराठी मुलखात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात आणि सण सरल्यावर ते विरून जातात. त्यांचा आराखडा कोठेही उरत नाही. लेगोच्या रचनेचा आराखडा मात्र राहू शकतो. तो राहिला तर रचना मोडूनही टिकते. तो नसेल तर उरते फक्त छायाचित्र, आणि छायाचित्रावरून आतील जोडणी कळत नाही. म्हणून रचना दाखविणे आणि रचना प्रकाशित करणे या दोन वेगळ्या क्रिया मानाव्या लागतात. छायाचित्र रचना दाखविते. आराखडा ती प्रकाशित करतो.

देवाणघेवाणीची परंपरा

आराखडे लिहिण्याची सर्वमान्य पद्धत कंपनीच्या बाहेर, हौशी मंडळींत घडली. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही संगणकप्रणाली तयार करून मोफत उपलब्ध केली. प्रत्येक भागाचे अचूक वर्णन करणारी एक साधी लिपी तिच्या मुळाशी होती. जेसिमन यांचे १९९७ मध्ये अकाली निधन झाले. परंतु लिपी खुली असल्याने इतरांनी भागांचा संग्रह वाढवीत नेला आणि ते काम आजही चालू आहे. एका व्यक्तीच्या कर्तृत्वाचे सामूहिक वारशात रूपांतर होण्याचे हे स्वच्छ उदाहरण होय. पुढे २००० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ‘ब्रिकफेस्ट’ हे प्रौढ हौशींचे संमेलन भरले आणि त्याच वर्षी डॅनियल जेझेक यांनी सुटे भाग विकणारी व विकत घेणारी मंडळी एकत्र आणणारी बाजारपेठ सुरू केली. तीच पुढे ‘ब्रिकलिंक’ या नावाने ओळखली गेली. लिपी, संमेलन आणि सुटे भाग या तीन सोयींमुळे दुसऱ्याची रचना आपल्या घरी उभी करणे शक्य झाले.

सामूहिकतेचा सर्वांत देखणा नमुना चेंडू वाहून नेणाऱ्या यंत्रांच्या साखळीत दिसतो. प्रत्येक सहभागी आपले यंत्र स्वतंत्रपणे रचतो. नियम इतकाच की सरासरी सेकंदाला एक चेंडू या गतीने चेंडू स्वीकारावेत आणि पुढील यंत्राकडे द्यावेत. संमेलनात ही यंत्रे शेजारी ठेवली की परस्परांना कधीही न भेटलेल्या व्यक्तींची एकच रचना चालू होते. येथे वैयक्तिक कर्तेपण पुसले जात नाही. सर्वमान्य अशा एका संकेतामुळे ते दुसऱ्याच्या कर्तेपणाशी जोडले जाते.

या ठिकाणी भातखंडे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत राखलेल्या बंदिशी मिळवून, स्वरलिपीत लिहून, ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. गुरुमुखातून मिळणारी विद्या छापून सर्वांना द्यावी काय, हा वाद त्या निमित्ताने झाला. अर्थात बंदिश ही गायकासाठी प्रारंभबिंदू असते आणि लेगोचा आराखडा काटेकोर असतो, हा भेद विसरता येणार नाही. तरीही लेगोच्या क्षेत्रात दुसऱ्याचा आराखडा घेऊन त्यात फेरबदल करण्याची रीत आहे, आणि अशा फेरबदलात मूळ रचनाकाराचा नामनिर्देश करणे हा शिष्टाचार मानला जातो. लिखित आराखडा विद्येला मोकळे करतो आणि त्याच वेळी कर्त्याचे नाव सुरक्षितही ठेवतो, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखी आहे.

वाटपाकडून विक्रीकडे

कंपनीला या परंपरेचे महत्त्व कळण्यास वेळ लागला. १९९८ मध्ये आलेल्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानव-संचातील प्रणाली हौशी तंत्रज्ञांनी उलगडली, तेव्हा त्यांच्यावर खटले भरण्याऐवजी कंपनीने त्यांना मुभा दिली. २००३ आणि २००४ मधील मोठ्या तोट्यानंतर ग्राहकांच्या कल्पकतेकडे ती अधिक गांभीर्याने पाहू लागली. २००५ मध्ये ग्राहकाने स्वतः रेखाटलेली रचना संचरूपात मागविण्याची सोय झाली. ती २०१२ मध्ये बंद करण्यात आली. २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली ‘कूसू’ ही योजना २०११ मध्ये जगभर खुली झाली आणि २०१४ मध्ये तिचे ‘लेगो आयडियाज’ असे नामकरण झाले. प्रस्तावाला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाल्यास कंपनी त्याचा विचार करते आणि निवड झाल्यास रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मानधन मिळते, अशी या योजनेची सर्वज्ञात चौकट राहिली आहे.

या योजनेतून आलेले तीन संच तपासण्याजोगे आहेत. स्टॉकहोममधील भू-रसायनशास्त्रज्ञ एलन कूयमन यांच्या प्रस्तावावर आधारित ‘रिसर्च इन्स्टिट्यूट’ हा संच २०१४ मध्ये निघाला. त्यात दुर्बिणीजवळ खगोलशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आणि डायनोसॉरच्या सांगाड्याजवळ जीवाश्मशास्त्रज्ञ अशा तीन स्त्रिया आहेत. रचनाकौशल्याच्या दृष्टीने संच साधा आहे. त्याचे सामर्थ्य निवडीत आहे. स्त्रीला वैज्ञानिक म्हणून दाखविण्यासाठी कूयमन यांना नवा भाग घडवावा लागला नाही. उपलब्ध भागांनीच ते वाक्य उच्चारले गेले. म्हणजे व्याकरणात ते वाक्य शक्य होते, परंतु कारखान्याला ते पुरेसे सुचले नव्हते. हौशी रचनाकार उद्योगाला जे देतो ते हेच.

माया वाइनस्टॉक यांच्या प्रस्तावावरून २०१७ मध्ये आलेल्या ‘विमेन ऑफ नासा’ या संचाची कथा वेगळी आहे. मूळ प्रस्तावात पाच स्त्रिया होत्या. प्रत्यक्ष संचात नॅन्सी ग्रेस रोमन, मार्गारेट हॅमिल्टन, सॅली राइड आणि मे जेमिसन या चौघी आल्या. गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांचा समावेश झाला नाही. खऱ्या व्यक्तीचे चित्रण विक्रीस काढावयाचे तर संमतीचा प्रश्न उद्भवतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे एक फरक स्पष्ट होतो. वाटलेली रचना रचनाकाराच्या विवेकावर चालते. विकलेल्या रचनेला अनेकांच्या परवानग्या लागतात आणि त्या वाटेत तिचा आशय बदलू शकतो.

त्याच वर्षी आलेला ‘सॅटर्न पाच’ या अग्निबाणाचा संच रचनेच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध ठरतो. सुमारे १ मीटर उंचीच्या या प्रतिकृतीचे प्रमाण १:११० आहे. गोल दंडगोल चौकोनी विटांतून साधण्यासाठी आतील गाभ्याचे उंचवटे चारही बाजूंना वळविले आहेत आणि त्यांवर वक्र आवरण बसविले आहे. पाच पट्ट्या आणि दोन उंचवटे यांचा पूर्वोक्त मेळ अशा कामी येतो. संचातील भागांची संख्या १,९६९ आहे. चांद्रविजयाचे वर्ष भागांच्या संख्येत गुंफणे ही केवळ गंमत वाटेल. परंतु जेथे प्रत्येक भाग मोजला जातो अशा माध्यमात संख्या हाही आशय होऊ शकतो, हे त्यातून दिसते.

या तीन उदाहरणांवरून योजनेची बाजू नाकारता येणार नाही. घरात मोडून गेली असती अशी रचना लाखो लोकांपर्यंत जाते आणि रचनाकाराचे नाव पुस्तिकेत येते. तथापि दुसरी बाजूही आहे. दहा हजार मते मिळविण्यासाठी रचना ओळखीच्या विषयावर आणि चटकन आवडणारी असावी लागते. काटकसर, अर्थांतर किंवा सचोटी यांना मत नसते. परिणामी चित्रपट आणि प्रसिद्ध वाहने यांवरील प्रस्ताव वाढतात आणि शांत, सूक्ष्म रचना मागे पडतात. २०१९ मध्ये कंपनीने ब्रिकलिंक विकत घेतल्यावर सुट्या भागांची मोठी हौशी बाजारपेठही उत्पादकाच्या मालकीची झाली. त्यातून आजवर केवळ अपायच झाला असे म्हणता येणार नाही. पण लिपी, मंच आणि वीट एकाच हाती जाणे धोक्याचे आहे. एलड्रॉसारखी खुली लिपी स्वतंत्र राहणे म्हणूनच आवश्यक आहे.

कर्तेपणाच्या बाबतीत कायदा उद्योगाशीही कठोरपणे वागला आहे. विटेचा आकार व्यापारचिन्ह म्हणून कायमचा राखून ठेवता येणार नाही, कारण तो कार्यासाठी आवश्यक आहे, या दिशेचे निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिले. वीट अशा रीतीने सर्वांची झाली. त्यानंतर स्वस्त विटा बनविणाऱ्या काही उत्पादकांनी हौशी मंडळींचे आराखडे न विचारता उचलून त्यांचे संच विकल्याचेही आढळले. वीट मुक्त होणे न्याय्य होते. आराखडा हडपणे न्याय्य नाही. शब्द सर्वांचे असतात, कविता कवीची असते.

विटेचे बोलणे

माध्यम निष्पाप आहे या समजाला सर्वांत मोठा धक्का पोलंडच्या झ्बिग्निएव्ह लिबेरा यांनी दिला. १९९६ मध्ये त्यांनी उपलब्ध संचांतील भाग वापरून, थोड्याफार बदलांनी, नाझी छळछावणीचे सात पेट्यांचे संच रचले. कंपनीने विटा मोफत पुरविल्या होत्या. विषय कळल्यावर मोठा वाद झाला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तुसंग्रहालयातील प्रदर्शनात ही कृती दाखविली गेली तेव्हाही तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. यातनांचे खेळणे करावे काय, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु कृतीचा रोख नेमका त्याच ठिकाणी आहे. पोलीसठाण्याच्या आणि समुद्री चाच्यांच्या संचांतील निरुपद्रवी भागांतून छावणी उभी राहते; सुबक, सुटसुटीत व्यवस्थेत क्रौर्यही बसू शकते. अर्थांतराची जी युक्ती बोन्सायमध्ये आनंद देते तीच येथे थरकाप उडविते.

२०१५ मध्ये चिनी कलावंत आय वेवे यांना राजकीय आशयाच्या कृतीसाठी मोठ्या प्रमाणावर विटा देण्यास कंपनीने नकार दिला. जगभरातून लोकांनी त्यांना विटा देऊ केल्या. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने घाऊक मागणीमागील हेतू विचारण्याची अट सोडली. या प्रसंगातून एक मर्यादा उघड झाली. ज्या भाषेची अक्षरे एकच उत्पादक पुरवितो, त्या भाषेत बोलण्याचे स्वातंत्र्य त्याच्या धोरणावर अवलंबून राहते. लोकांनी विटा देऊन ही मर्यादा ओलांडली. म्हणजे येथेही प्रश्न सुटला तो वाटपानेच.

भारतीय संदर्भ

भारतात या छंदाची पहिली अडचण किमतीची आहे. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी उद्योगाला संरक्षण हा हेतू समजण्यासारखा आहे. पण सुट्या भागांच्या जागतिक देवाणघेवाणीवर जगणाऱ्या छंदाला त्याची झळ पोहोचली. अशा स्थितीत संगणकावर मोफत रचना करणे हाच अनेकांना परवडणारा मार्ग उरतो. आराखडा हीच कृती असल्याचे वर केलेले प्रतिपादन येथे केवळ तात्त्विक राहत नाही. विटा न घेऊ शकणारा विद्यार्थीही या कलेत पूर्ण अर्थाने कर्ता होऊ शकतो.

दुसरा मार्ग महाराष्ट्राला परिचित आहे. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांपासून भौमितिक रचना करण्याची पद्धत विकसित केली आणि पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे मोठे काम उभे केले. त्यांची पुस्तके आणि कृती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. आगकाडीच्या रचनेत लेगोची अचूकता नाही. परंतु तिची अक्षरे कोणा एका उत्पादकाच्या मालकीची नाहीत. लेगोची परंपरा आराखड्याची शिस्त शिकविते, तर गुप्ता यांची परंपरा साहित्याचे स्वातंत्र्य शिकविते. महाविद्यालयातील वास्तुरचना, गणित किंवा शिक्षणशास्त्र यांच्या अध्यापनात या दोन्हींची सांगड घालता येण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने केलेली रचना तपासताना ‘छान झाली’ या शेऱ्यावर न थांबता तिचा आराखडा मागावा, कोणता भाग वगळता येईल हे विचारावे आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला ती त्या आराखड्यावरून उभी करण्यास सांगावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. स्वरचित रचनेचे मूल्य विटांच्या संख्येत किंवा केवळ साम्यात नसून काटकसर, भागाचे अर्थांतर आणि स्वीकारलेल्या नियमांची सचोटी यांत आहे.

२. ही कला वस्तूपेक्षा आराखड्यात वसते. त्यामुळे आराखडा देणे हे रचनेचे प्रकाशन होय आणि देवाणघेवाण हा या कलेचा अंगभूत भाग ठरतो.

३. बाजारपेठेने रचनांना मोठा वाचकवर्ग आणि रचनाकारांना मान दिला. परंतु लोकप्रियतेच्या निकषाने आणि मालकीच्या एकवटण्याने रचनांचे वैविध्य संकुचित होण्याचा संभव आहे.

४. वीट सर्वांची असावी आणि आराखडा कर्त्याच्या नावाने ओळखला जावा, हा विवेक कायद्याइतकाच रसिकांनी जपावयाचा आहे.

पेटीवरील चित्राप्रमाणे जोडणारा आणि पेटी बाजूला सारून रचणारा यांच्यातील अंतर विटेने मोजता येत नाही. विटा दोघांकडे सारख्याच असतात. दुसऱ्याने आपली रचना इतरांच्या हाती देण्याजोगी लिहून ठेवली, तर ‘खेळणे’ या नामातून पुन्हा ‘खेळणे’ हे क्रियापद उभे राहते, आणि तेही एका घरापुरते उरत नाही. समीक्षेने या छंदाकडे वळण्यास एवढे कारण पुरेसे आहे.